परदेशी प्रयोगशाळेत सहा महिने: पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करावं

दरवर्षी कोल्हापूरच्या आमच्या विद्यापीठातून कोणी ना कोणी तीन-सहा महिन्यांसाठी जर्मनी, कोरिया, जपान किंवा अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत जातं. निघण्याआधी सायबर चौकात चहाला भेटतात. प्रश्न ठरलेले: थंडी किती असते, कुकर न्यायचा का, बॅगेचं वजन किती चालतं. परत आल्यावरची हळहळही ठरलेली: "ताई, मशीनला हात लागेपर्यंतच अडीच महिने गेले."

ही मुलं हुशार असतात, कष्टाळू असतात. चुकतो तो क्रम. जे कोल्हापुरात बसून ठरवायचं ते तिथे गेल्यावर आठवतं आणि जे पहिल्या आठवड्यात विचारायचं ते शेवटच्या महिन्यात विचारलं जातं. मी मटेरियल सायन्सची, त्यामुळे उदाहरणं भट्टी, पातळ थर आणि रसायनं यांतली येतील. जीवशास्त्रवाल्यांनी उपकरणाची नावं बदलून वाचावं, क्रम तोच राहतो.

१. निघण्याआधी तीन महिने: कागद आणि एक पान

पहिला मेल यजमान प्राध्यापकांना नाही, त्यांच्या कार्यालयाला करा. विचारायचं एवढंच: "माझी नोंद तुमच्याकडे कोणत्या नावाने होणार? विद्यार्थी, पाहुणा संशोधक की आणखी काही?" प्रश्न किरकोळ वाटतो, पण व्हिसाचा प्रकार, विमा, दाराचं कार्ड, ग्रंथालय, मशीनच्या बुकिंगचं खातं हे सगळं त्या एका नोंदीवर अवलंबून असतं.

अमेरिकेच्या जे-१ (पाहुण्या विद्यार्थी-संशोधकांच्या) व्हिसात 'शॉर्ट-टर्म स्कॉलर' नावाचा वर्ग आहे. त्याची कमाल मुदत सहा महिने आणि ती वाढवून मिळत नाही. काम आठ महिन्यांचं आहे हे तुम्हाला आधीच दिसत असेल, तर ते अर्जाआधी सांगायला हवं. फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरल फेलोशिप सहा ते नऊ महिन्यांची असते, तिथे हा हिशेब वेगळा. जर्मनीत ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर शेंगेनचा साधा व्हिसा चालत नाही, नॅशनल व्हिसा लागतो आणि त्याच्या भेटीची वेळ मिळायलाच बराच काळ जातो.

व्हिसाच्या भेटीसाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरायचं आणि तसंच थेट रांगेत उभं राहायचं, असं पुष्कळ जण करतात. गाडीला उशीर झाला की भेट हुकते आणि पुढची वेळ मिळेपर्यंत महिना उलटतो. आदल्या दिवशीच पोहोचा.

इकडे गाइड, विभागप्रमुख आणि पीएचडी विभाग या तिघांची परवानगी लेखी घ्या. सारथी, बार्टी किंवा यूजीसीची फेलोशिप चालू असेल तर परदेशातल्या काळात ती सुरू राहते का, हजेरीचं पत्र कोणी द्यायचं, हे मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. "सर म्हणाले होते चालेल" हे उत्तर हिशेब विभागात चालत नाही.

मग एक पान लिहा. एकच. त्यात चार गोष्टी: मी कोणते नमुने घेऊन येणार, तिथल्या कोणत्या उपकरणांवर काम करणार, ती उपकरणं शिकवणार कोण, आणि सगळं फसलं तरी किमान कोणता एक निकाल हाती लागला पाहिजे. हे पान इकडच्या आणि तिकडच्या, दोन्ही गाइडना एकाच मेलमध्ये पाठवा.

त्याच मेलमध्ये पेपरवरच्या नावांचा विषय काढा. आपल्याकडे हा विषय काढणं आगाऊपणाचं समजतात, म्हणून मुलं गप्प राहतात आणि शेवटी दोन गाइडांमध्ये त्यांचं सँडविच होतं. दोन ओळी पुरतात: "या कामातून पेपर झाला तर लेखकांची नावं आणि क्रम कसा ठरवायचा, याबद्दल आपलं मत कळलं तर बरं होईल. नमुने कोल्हापुरात तयार झाले आहेत, मोजमाप तिकडे होईल." कोणाचं योगदान कोणतं, हे लिहायला 'क्रेडिट' नावाची १४ भूमिकांची यादी बरीच नियतकालिकं वापरतात. ती समोर ठेवली की बोलणं व्यक्तींवर न जाता कामावर राहतं.

तपासा: नोंदीचा प्रकार लेखी कळला का? तिन्ही परवानग्या हातात आहेत का? एक पानाच्या मेलला दोन्ही गाइडांचं उत्तर आलं का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर तिकीट काढू नका.

२. नमुने: इकडेच करा, दुप्पट करा

तिथे जाऊन नमुने तयार करू, असा विचार असेल तर तो इथेच सोडा. त्यांचं पाणी, त्यांची काच, त्यांची आर्द्रता सगळं वेगळं. केमिकल बाथमध्ये (रसायनांच्या द्रावणात काच बुडवून) इकडे सुरेख बसणारा थर तिकडे पहिले तीन आठवडे बसतच नाही. लागतील त्याच्या दुप्पट नमुने इकडे करा, प्रत्येकाच्या मागे डायमंड पेनने क्रमांक कोरा (मार्करची शाई अ‍ॅसिटोनने पुसली जाते) आणि निघण्याआधी प्रत्येकाचा एक्सआरडी (क्ष-किरणांनी घेतलेली स्फटिकरचनेची नोंद) काढून ठेवा. तिथे काही वेगळं दिसलं, तर बदल प्रवासात झाला की मोजमापात, हे त्यावरूनच कळेल.

सावधान: पांढरी किंवा काळी पावडर नाव नसलेल्या कुपीत भरून बॅगेत टाकू नका. विभागाच्या लेटरहेडवर पदार्थाचं नाव, वजन, उपयोग आणि धोकादायक नसल्याचं निवेदन घ्या, सोबत सेफ्टी डेटा शीट (पदार्थाचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारा कागद) ठेवा, आणि विमान कंपनी व यजमान दोघांनाही आधी विचारा. अभिक्रियेची रसायनं, आम्लं, द्रावकं अजिबात न्यायची नाहीत. वनस्पती, सूक्ष्मजीव किंवा त्यांचे अर्क असतील तर जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मान्यतेचं काम सगळ्यात आधी सुरू करा, कारण तेच सगळ्यात लांबतं.

३. निघण्याआधी महिनाभर: सुरक्षेचा अभ्यास

सेफ्टी डेटा शीटला १६ विभाग असतात. तुमच्या कामातल्या प्रत्येक रसायनाचे निदान चौथा (प्रथमोपचार), सातवा (हाताळणी व साठवण), आठवा (संरक्षणाची साधनं), दहावा (कशाशी अभिक्रिया होते) आणि तेरावा (विल्हेवाट) वाचून जा. बाटल्यांवरची लाल चौकटीतली नऊ धोकाचिन्हं ओळखता आली पाहिजेत. परदेशी प्रयोगशाळेत लेखी चाचणी असते ती नेमकी यावरच, आणि पास झाल्याशिवाय कार्ड सुरू होत नाही.

इथे एक सवय मोडावी लागते. आपल्याकडे कॅडमियम सल्फाइडचा बाथ झाला की बीकर सिंकमध्ये उपडा करणारे मी पाहिलेत. तिथे तसं केलंत तर त्या दिवशी काम बंद, आणि ते बरोबरच आहे. कॅडमियम पंचगंगेत गेलं काय किंवा ऱ्हाइनमध्ये गेलं काय, ते नाहीसं होत नाही. बाथचं उरलेलं पाणी आणि पहिलं धुवण जड धातूंच्या टाकाऊ द्रवाच्या कॅनमध्ये. क्लोरोफॉर्म, डायक्लोरोमिथेन हॅलोजनवाल्या कॅनमध्ये. इथेनॉल, अ‍ॅसिटोन बिगरहॅलोजनमध्ये. नायट्रिक आम्ल कोणत्याही सेंद्रिय द्रावकाच्या कॅनमध्ये कधीच नाही: आत वायू तयार होत राहतो आणि झाकण लावलेला कॅन फुटतो.

४. बॅग

हे थोडक्यात. पुढून बंद असलेले बूट दोन जोड. आपली कोल्हापुरी चप्पल घरात आणि सणाला घाला, प्रयोगशाळेच्या दारात ती घालून गेलात तर आत सोडत नाहीत. पूर्ण लांबीच्या सुती पँट, कारण नायलॉन आगीत कातडीला चिकटतं. चष्मा असेल तर त्याच्यावर बसणारा सेफ्टी गॉगल तिकडे मागून घ्या.

कांदा-लसूण मसाला दुहेरी पिशवीत सीलबंद न्या. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, बर्फी सगळं आलं. ताजा कढीपत्ताही घरीच ठेवा. अमेरिका आणि जपानमधला व्होल्टेज आपल्याहून वेगळा आहे, तेव्हा इकडचा मिक्सर नेऊन उपयोग नाही.

५. पहिला आठवडा: प्रयोग करायचा नाही

मुलं विमानातून उतरतात आणि दुसऱ्या दिवशी नमुन्यांचा डबा घेऊन प्रयोगशाळेत उभी राहतात. उत्साह समजतो, पण हा आठवडा कागदांचा आहे.

जर्मनीत घर घेतल्यापासून १४ दिवसांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. जपानमध्येही नगर कार्यालयात पत्ता नोंदवायला १४ दिवस. कोरियात ९० दिवसांहून जास्त राहणार असाल तर आल्यापासून ९० दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी. ही नोंद झाली नाही की बँक अडते, बँक अडली की स्टायपेंड अडतो.

प्रयोगशाळेत या आठवड्यात चार जागा चालत जाऊन बघा: डोळे धुवायचा नळ, आपत्कालीन शॉवर, अग्निशामक आणि बाहेर पडायची दुसरी वाट. नुसतं बोट दाखवून घेऊ नका. तुमच्या टेबलापासून डोळे धुण्याच्या नळापर्यंत किती पावलं आहेत ती मोजा, कारण गरज पडेल तेव्हा डोळे मिटलेले असतील. आपत्कालीन क्रमांक युरोपात ११२, अमेरिकेत ९११, जपान व कोरियात आग आणि रुग्णवाहिकेसाठी ११९. शिवाय संस्थेचा स्वतःचा अंतर्गत क्रमांक असतो, तोही फोनमध्ये घाला.

तपासा: पत्त्याची नोंद, विमा, सुरक्षेची चाचणी, दाराचं कार्ड. चारही झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

६. दुसरा आणि तिसरा आठवडा: पाहायचं, विचारायचं, लिहायचं

लिखित नियम भिंतीवर असतात. अलिखित नियम माणसांच्या वागण्यात असतात आणि ते कोणी सांगत नाही, कारण त्यांना ते नियम वाटतच नाहीत. हातमोजे घालून दाराची मूठ, लिफ्टचं बटण, कीबोर्ड यांना हात लावायचा नाही. कोट घालून कँटीनला जायचं नाही. दुसऱ्याने करून ठेवलेलं द्रावण कितीही उरलेलं दिसलं तरी न विचारता घ्यायचं नाही. शेवटची पिपेट टिप वापरली तर नवा डबा भरून ठेवायचा. जपानमध्ये काही खोल्यांच्या दाराशी चपला बदलायच्या असतात. एक छोटी वही फक्त या गोष्टींसाठी ठेवा.

कोण कोण आहे, हे नीट समजून घ्या. आपल्याकडे सगळं सरांपाशी सुरू होतं आणि सरांपाशी संपतं. तिकडे प्राध्यापक आठवड्याला अर्धा तास भेटतील. रोजचं काम पोस्टडॉक (पीएचडी झालेला संशोधक) बघतो. मशीनवर शब्द चालतो तंत्रज्ञाचा, प्राध्यापकांचाही नाही. तंत्रज्ञ 'आज नाही' म्हणाला की तो विषय संपला, प्राध्यापकांकडे जाऊन वशिला लावायचा नाही. एकदा तसं केलंत की सहा महिने त्याच्या मशीनवर तुम्हाला सोयीची वेळ मिळणार नाही. आणि कार्यालयातल्या सेक्रेटरीला रोज नमस्कार करायला विसरू नका; तुमचा प्रत्येक कागद त्यांच्या टेबलावरून जातो.

हाक कशी मारायची, याला एक नियम नाही. अमेरिकेत प्राध्यापकाला नावाने हाक मारतात आणि तुम्ही 'सर, सर' करत राहिलात की ते अवघडतात. जपानमध्ये आडनावापुढे 'सेन्सेइ' लागतंच. कोरियातही पदवी सोडायची नाही. जर्मनीत समोरचा सांगेपर्यंत 'हेर प्रोफेसर' किंवा 'फ्राउ प्रोफेसर'. शंका आली तर विचारा: "मी तुम्हाला काय म्हणू?" या प्रश्नाचा कोणालाही राग येत नाही.

७. मशीन शिकणं: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

माझ्या हातून झालेली चूक सांगते. कोल्हापुरात मी मफल भट्टीवर काम केलेलं. ४५० अंश लावायचे, दार बंद करायचं, घरी जायचं. तिकडे होती ट्यूब फर्नेस, आत अल्युमिनाची लांब नळी, दोन्ही टोकांना फ्लँज, एका बाजूने आर्गॉन आत आणि दुसऱ्या बाजूला बबलर, म्हणजे बाहेर पडणारा वायू पाण्यातून सोडणारी बाटली. शिकवणारा भराभर बोलत होता. तापमान वाढवायच्या वेगाबद्दल त्याने काहीतरी सांगितलं, ते मला कळलं नाही. "ओके?" म्हणाला. मी मान हलवली. त्या नळीची मर्यादा मिनिटाला पाच अंशांची होती. मी दहा लावले, ९०० अंशांपर्यंत.

सकाळी आले तर बबलरमध्ये बुडबुडे नाहीत. पाणी अगदी स्थिर. फ्लँज सोडून टॉर्च मारली, तेव्हा नळीच्या मधोमध केसाएवढी रेघ दिसली, चहाच्या जुन्या कपावर असते तशी. नवी नळी यायला तीन आठवडे लागले आणि ते तीन आठवडे माझ्याबरोबर आणखी दोघांचं काम थांबलं. तंत्रज्ञ ओरडला नाही. त्याने एवढंच विचारलं, "पहिल्याच दिवशी का नाही विचारलंस?"

मान हलवण्याची ही सवय आपल्या शाळेपासूनची आहे. वर्गात "कळलं का?" म्हटलं की सगळे "हो" म्हणतात. तिकडे 'हो' म्हणजे 'हो' धरतात आणि त्या भरवशावर लाखो रुपयांचं यंत्र तुमच्या हाती देतात. आपल्याकडे सेमचा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा) नमुना ऑपरेटरकडे देऊन चित्रं घ्यायला जायचं असतं. तिकडे ऑपरेटर तुम्हीच.

म्हणून शिकण्याचा क्रम असा ठेवा:

क) पहिल्या वेळी फक्त बघा आणि लिहा. फोटो काढायचे तर आधी विचारून.

ख) त्याच संध्याकाळी आपल्या शब्दांत पायऱ्या लिहून शिकवणाऱ्याला मेल करा: "मी असं समजले, चुकलं असेल तर सांगा." यात भाषेची अडचण आपोआप उघडी पडते. माझी नळी या एका मेलने वाचली असती.

ग) दुसऱ्या वेळी तुम्ही चालवा, त्याने बघावं. प्रत्येक पायरीआधी तोंडाने बोला: "आता झडप बंद करते, आता पंप."

घ) तिसऱ्या वेळी एकटे, पण तो इमारतीत असताना आणि स्वस्त नमुन्यावर.

प्रत्येक मशीनसाठी तीन आकडे विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा: कमाल किती, किती वेगाने, आणि बिघडलं तर पहिलं बटण कोणतं. शिकवणारा घाईत असेल तर म्हणा, "मला हे कळलं नाही, हळू सांगाल का?" हे वाक्य विमानात बसण्याआधी मोठ्याने म्हणून सराव करा. मी हे मनापासून सांगते आहे.

सावधान: हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि पिराना द्रावण (सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण) यांना खास प्रशिक्षणाशिवाय हात लावायचा नाही, कितीही घाई असो. द्रवरूप नायट्रोजनचा एक लिटर उडून सुमारे ७०० लिटर वायू होतो, म्हणून त्याचं भांडं लिफ्टमध्ये असताना आपण त्याच लिफ्टमध्ये चढायचं नाही.

८. रोजचं काम: वही, बुकिंग, मीटिंग

वही प्रयोगशाळेची असते, तुमची नाही. शाईच्या पेनाने, तारखेसह, त्याच दिवशी. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला आद्याक्षरं लिहायची. व्हाइटनर नाही, पान फाडणं नाही. कच्चं लिहून रविवारी पक्कं उतरवायची आपली पद्धत तिकडे संशयास्पद ठरते.

मशीन बुक केलं आणि जमणार नसेल तर आदल्या दिवशी रद्द करा. दहाची वेळ म्हणजे दहाला नमुना तयार. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी एकट्याने काम करायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते. आपल्याकडे रात्री दोनपर्यंत थांबणारा विद्यार्थी कष्टाळू ठरतो, तिकडे तोच नियम मोडणारा ठरतो.

ग्रुप मीटिंगमध्ये मुलं फक्त चांगले आलेख दाखवतात. तिकडे लोकांना फसलेला नमुना बघायचा असतो, कारण मदत तिथेच करता येते. "तीन थर उखडले, हा त्यांचा फोटो, मला वाटतं काच नीट धुतली गेली नाही" असं सांगितलंत तर चर्चा सुरू होईल. कोणी "मला हे पटत नाही" म्हणालं तर तो अपमान नाही. आकडा दाखवा, किंवा "तपासून पुढच्या आठवड्यात सांगते" म्हणा.

दर शुक्रवारी पाच ओळींचा मेल दोन्ही गाइडना: काय केलं, काय फसलं, पुढे काय, काय अडलंय. कोल्हापूरच्या सरांना वगळू नका. चार महिने काही न कळवता अचानक पेपरचा मसुदा पाठवला की दुखावले जातात, आणि मग सही अडते.

तपासा, सहाव्या आठवड्याच्या शेवटी: एक तरी मशीन एकट्याने चालवता येतं का? एक तरी निकाल मीटिंगमध्ये दाखवला का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर वाट बघू नका, पोस्टडॉककडे अर्धा तास मागा आणि ते एक पान पुन्हा लिहा.

९. जेवण आणि माणसं

दुपारचं जेवण सगळ्यांबरोबर जेवा. आपला डबा घेऊन संगणकासमोर बसणारे खूप आहेत. पण कुठलं मशीन उद्या रिकामं आहे, कोणाकडे जास्तीची काच आहे, हे जेवणाच्या टेबलावरच कळतं. शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: मासे नाही, मांसाचं पाणीही नाही. कोरिया आणि जपानमध्ये रस्सा दिसायला साधा असतो, पण बहुधा माशाचा असतो. दारू नको असेल तर हसून "नको" पुरतं.

घरी फोनची वेळ ठरवून टाका. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यामागे साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. कोरिया आणि जपान आपल्यापुढे साडेतीन. आईला हे आकडे कागदावर लिहून देऊन जा, नाहीतर ग्लव्हबॉक्समध्ये (हातमोजे जोडलेल्या बंद पेटीत) हात असताना फोन वाजतो.

कोणी वंशावरून बोललं, अंगचटीला आलं, किंवा तुमचं काम स्वतःच्या नावावर घालू लागलं, तर सोसत बसू नका. तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा. प्रत्येक मोठ्या संस्थेत तक्रार ऐकणारी वेगळी व्यक्ती असते, तिचं नाव पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा. आणि इकडे एकाला तरी सांगा.

१०. शेवटचे सहा आठवडे

नवं मोजमाप निघण्याच्या दोन आठवडे आधी बंद. पोटात कालवतं, पण करा. "आणखी एकच स्कॅन" म्हणता म्हणता माहितीची प्रत घ्यायची राहून जाते आणि कार्ड बंद झाल्यावर सर्व्हर उघडत नाही.

माहिती पेनड्राइव्हवर घेण्याआधी परवानगी लेखी घ्या. मशीनची मूळ फाइल आणि साध्या मजकुरातली, अशा दोन्ही प्रती घ्या, कारण त्या मशीनचं सॉफ्टवेअर इकडे नसतं. प्रत्येक फाइलीपुढे नमुन्याचा क्रमांक आणि वहीचं पान लिहा. मागे ठेवायच्या नमुन्यांच्या डब्यावर नाव, तारीख, पदार्थ आणि कधी फेकायचा ती तारीख टाका. तुमच्या नावाच्या सगळ्या बाटल्या रिकाम्या करून कॅनमध्ये, शेल्फ मोकळं.

एक बैठक मागा, दोन्ही गाइड ऑनलाइन एकत्र. पेपरचा आराखडा, कोणती आकृती कोण करणार, पहिला मसुदा कोणत्या तारखेला, नावांचा क्रम. बैठक संपताच ठरलेलं मेलवर लिहून पाठवा.

जर्मनी सोडताना पत्त्याची नोंद रद्द करायची असते. घराची अनामत आणि बँक खातं, दोन्हींचं उरकून घ्या. चावी परत दिल्याची पावती मागून घ्या.

कोल्हापुरात उतरल्यावर आठ दिवसांच्या आत वहीची स्कॅन केलेली पानं एकदा वाचून काढा आणि जे अक्षर लागत नाही ते पोस्टडॉकला विचारा. महिनाभराने तेच विचारलं तर त्यालाही आठवत नाही.